घरातल्या लेकराची न सांगितलेली गोष्ट

दसरा झाला की परळी तालुक्यात ट्रक-ट्रॅक्टर भरू लागतात. सिरसाळ्याच्या आसपासची गावे, तांडे आणि आपल्या वस्त्या बघता बघता ओस पडतात. म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे मागे राहतात, बाकीचे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल एकट्या माणसाच्या हिशेबाने मिळत नाही, ती कोयत्याच्या हिशेबाने मिळते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. म्हणून पोरगा अठरा-वीसचा झाला की घरात लग्नाचे बोलणे सुरू होते, पोरीचे तर त्याच्या कितीतरी आधी. कायदा काय म्हणतो हे सर्वांना ठाऊक आहे, आणि कायद्याचे काय होते हेही ठाऊक आहे.

अशा घरातला एखादा पोरगा ‘मला लग्न करायचे नाही’ म्हणाला तर काय होते? आळशी म्हणतात, कुणाच्या नादी लागला म्हणतात, नाहीतर देवऋषी शोधतात. त्याच्या मनाची ओढ मुलीकडे नसून मुलाकडे आहे, असे काही असू शकते हे कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही. मुलीच्या बाबतीत तर विचारायलाच नको. तिला कुणी विचारतच नाही. त्या लेकराला आईजवळ बसून मन मोकळे करावेसे वाटले तरी शब्द कुठून आणायचा? आपल्याकडे जे शब्द आहेत ते शिवीचे आहेत किंवा चेष्टेचे. ‘समलिंगी’ हा वर्तमानपत्रातला शब्द. चुलीपुढे तो उच्चारला तर आईला वाटेल, पोराला काही रोग झाला.

रोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलिंगी ओढ रोगांच्या यादीतून काढून टाकली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ चा निकाल दिला आणि दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे प्रेम गुन्हा राहिले नाही. त्या निकालात न्यायमूर्तींनी ज्या संविधानिक नीतीचा आधार घेतला, तिच्याविषयी बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलले होते. पण निकाल दिल्लीत लागतो आणि लेकरू सिरसाळ्यात राहते. या दोहोंच्या मधले अंतर कमी करायला, आमच्या मते, गोष्टीसारखे दुसरे साधन नाही.

हे आम्ही अनुभवावरून म्हणतो. १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळत होत्या, त्याच साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. ज्यांनी महारवाड्यात कधी पाऊल टाकले नव्हते अशा घरांत दगडू मारुती पवार पुस्तकातून शिरला. पुढे शांताबाई कांबळे, बेबीताई कांबळे, उर्मिला पवार यांनी लिहिले. आमचे जगणे तुम्ही वाचा, मग आमच्याविषयी बोला, असे आपण साऱ्या महाराष्ट्राला सांगितले. आता वाचायची पाळी आपली आहे, इतकेच.

मराठीत वाचण्यासारखे काय आहे? फार नाही, पण आहे. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी त्यात सुमित्रेचे काम केले होते. कॉलेजातली ही मुलगी, सगळे तिला मित्रा म्हणतात. तिला मुलीविषयी ओढ आहे, आणि ती हे सर्वात आधी सांगते बापूला. बापू साधा, बुजरा, काहीसा भित्रा. त्याला धड उत्तरही देता येत नाही, पण तो उठून जात नाही. आम्हाला त्या नाटकात सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा बापू. कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला येणारी भूमिका मित्राची नाही, बापूची आहे. नाटकाचा शेवट मात्र आम्हाला खटकतो. मित्रा जीव देते. तेव्हाच्या प्रेक्षकाला त्याने हळहळायला लावले असेल, पण आज तेच नाटक सतरा वर्षांची मुलगी वाचील तेव्हा तिने त्यातून काय घ्यावे?

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ साली आली. २०२२ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. पुण्याच्या एका घरात वरची खोली भाड्याने दिली जाते. त्या भाडेकरूवर घरातला मुलगा तनय जीव लावतो आणि त्याची बहीण अनुजाही. पुढे अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते आणि एकटी परत येते. तिच्यामुळे घर हादरते, रागावते, तिच्याभोवती गोळाही होते. आणि तनय? तोही तेवढाच पोळलेला आहे, पण घराच्या लेखी त्याचे काही घडलेलेच नाही. बहिणीचे दुःख सर्वांना दिसते, भावाचे दिसत नाही, कारण ते असू शकते हेच कुणाला माहीत नाही. पहिला भाग तनयचा आहे, दुसरा अनुजाचा. दोन्ही वाचून झाल्यावर जेवणाच्या ताटावर गप्प बसलेल्या आपल्या पोराकडे आई-बाप एकदा तरी नीट पाहतील, असे आम्हाला वाटते.

चेतन दातारांचे ‘एक माधवबाग’ हे तर आईचेच नाटक. मुलाच्या डायरीतून आईला सारे कळते आणि मग ती एकटीच बोलत राहते. मोना आंबेगावकर यांनी ते ठिकठिकाणी सादर केले आहे. पुण्याच्या समपथिक ट्रस्टचे बिंदुमाधव खिरे यांनी ‘पार्टनर’ ही कादंबरी लिहिली. शिवाय अशा मुलामुलींच्या आई-वडिलांचे अनुभव त्यांनी ‘मनाचिये गुंती’त एकत्र केले. ती गोष्ट नव्हे, खरे बोल आहेत, पण ज्या आईला वाटते की हे जगात आपल्याच घरी घडले, तिने ते आधी वाचावे.

पोरांचे म्हणाल तर ती आपल्या पुढे आहेत. मोबाईलवर ती ‘हार्टस्टॉपर’ पाहतात. इंग्लंडच्या ॲलिस ओसमनच्या चित्रकथांवरची ही मालिका आहे. तिच्यात निक नावाचा शाळकरी मुलगा आईला आपले मन सांगतो. आई ओरडत नाही, रडत नाही. हे सांगायला जड जावे असे माझ्याकडून कधी वाटू दिले गेले असेल तर चुकले, असे तीच म्हणते. असा प्रसंग पोरे रात्री पांघरुणात पाहतात, आणि सकाळी आपल्या आईच्या तोंडाकडे पाहतात. आईने मात्र असे काही कधी पाहिलेले नसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावी लागेल. माजलगाव पोलीस ठाण्यातील ललित साळवे यांची बातमी आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. मुलगी म्हणून वाढवले गेलेल्या या शिपायाने २०१७ साली शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती नाकारली गेली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. शेवटी २०१८ साली परवानगी मिळून शस्त्रक्रिया झाली आणि २०२० साली त्यांचे लग्न झाले. आपण पुरुष आहोत की स्त्री, हा त्यांचा प्रश्न होता. आपले प्रेम कुणावर बसते, हा प्रश्न वेगळा. दोहोंची सरमिसळ करू नये. पण एक साम्य आहे. साळवे यांची कहाणी लहानपणापासून सविस्तर छापून आली, म्हणून नुसत्या मथळ्यावर हसणाऱ्यांनाही पुढचे वाचून थांबावे लागले.

काही भगिनी म्हणतील, असले विषय कुटुंबाच्या पानावर कशाला? १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी शरीराविषयी, लैंगिक जीवनाविषयी प्रश्न विचारले आणि कर्व्यांनी छापून उत्तरे दिली, हा त्यांचा गुन्हा. त्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, पण बाबासाहेबांनी वकीलपत्र घेताना अब्रूचा विचार केला नाही. शिवाय भगिनींनो, हा तुमच्या लेकीचाही प्रश्न आहे. ज्याचे मन वळतच नाही त्या पोराला ‘लग्नानंतर सुधारेल’ म्हणून बोहल्यावर उभे करतात. त्याच्याबरोबर ती मुलगी उसाच्या फडावर जाते. कोपीत सहा महिने काढते आणि माझेच काय चुकले म्हणत कुढते. मूल होत नाही म्हणून बोलणीही तीच खाते.

वर्षावासात आपण विहारात ग्रंथवाचन करतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत गावातली माणसे गावात असतात. त्यानंतर टोळ्या निघतात. त्या तीन महिन्यांत, विहारात नको वाटले तर घरी, चार बायका जमून यातले एखादे पुस्तक मोठ्याने वाचता येईल. चर्चेची गरज नाही. ऐकणाऱ्यांत एखादे लेकरू दाराशी उभे असेल, ते ऐकेल. हे आपल्या घरात वाचले गेले, एवढेच त्याला पुरते.

मात्र वर सांगितलेली बहुतेक घरे शहरातली आहेत. तिथे रडायला निदान वेगळी खोली असते. कोपीत नसते. कोयत्याच्या गावातल्या पोराची गोष्ट आमच्या वाचनात अजून आलेली नाही. ती आपल्यातल्याच कुणीतरी लिहिली पाहिजे. मुकादम ओट्यावर बसला आहे, उचलीचा आकडा ठरतो आहे, तो विचारतो, कोयता पुरा की अर्धा? बाप आतल्या पोराला हाक मारतो. पुढचे लिहिणाऱ्याने ठरवावे. आमची विनंती एवढीच की त्याला मारू नये.

अशी गोष्ट कुणी लिहिली तर कागदाच्या एका बाजूला, सुवाच्य अक्षरात लिहून वर्षावासाच्या आधी आमच्याकडे पाठवावी. नाव छापायचे नसल्यास तसे कळवावे. छापले जाणार नाही.