मोठ्या फोटोत आत्या कुठे गेली?

लग्नातला ग्रुप फोटो. अल्बममधल्या छोट्या, चार बाय सहाच्या प्रतीत सगळे जागच्या जागी आहेत. नवरा-नवरी मध्ये, दोन्हीकडचे आई-वडील शेजारी, आणि अगदी टोकाला लेकरू कडेवर घेतलेली आत्या. हौसेने तोच फोटो आठ बाय दहा मोठा करून आणावा, तर आत्या नाही आणि लेकरूही नाही! फोटो मोठा झाला आणि माणसे कमी झाली. स्टुडिओवाल्याला विचारावे तर तो म्हणतो, “ताई, साइजमध्ये बसत नाही, तेवढे कटणारच.” आपण गुपचूप पैसे देतो आणि घरी येतो.

बंधू-भगिनींनो, हे “कटणारच” म्हणजे काय, ते कशाने होते आणि कसे टाळता येते, हे आज पाहू या. हा हिशोब सातवी-आठवीच्या गुणोत्तराचा आहे. घरातल्या शाळकरी मुला-मुलीला शेजारी बसवूनच वाचा.

आधी एक विचार करा. ग्रुप फोटोत कडेला कोण उभे राहते? चुलीपाशी राबून शेवटी हात पुसत येते ती. गावाहून आलेली म्हातारी, जिला “मध्ये या” असे कोणी म्हटले नाही. आपल्या किती घरांत आजी-आजोबांचा वेगळा काढलेला फोटोच नाही! फोटो काढायला स्टुडिओत जाण्याची ऐपत नव्हती. कुणाच्या तरी लग्नात कडेला उभे राहिले, तेवढीच त्यांची आठवण. पुढे ती माणसे गेली की त्याच ग्रुपमधून चेहरा मोठा करून भिंतीवर लावावा लागतो. त्या वेळी कडेच्या एका इंचाची किंमत कळते.

आता हिशोब. कागदाला माप असते तसा आकारही असतो. खाट आणि चादर यांचे उदाहरण घ्या. खाट चौरस आणि चादर लांबट असेल तर चादर एकीकडे लोंबणार. दोन्ही मोठ्या घेतल्या तरी लोंबणारच, कारण चूक मापाची नसून आकाराची आहे. फोटोचा आकार काढायचा सोपा उपाय असा : लांब बाजूला आखूड बाजूने भागा.

बाजारात मिळणारे कागद असे आहेत :

४×६, ८×१२, १२×१८ : भागाकार १.५
५×७ : १.४
६×८, ९×१२, १२×१६ : १.३३
८×१०, १६×२० : १.२५
१०×१२ : १.२

आणि कॅमेरे असे :

रोलचा जुना ३५ मि.मी. कॅमेरा आणि लग्नातल्या फोटोग्राफरचा बहुतेक डिजिटल कॅमेरा : १.५
मोबाईल, नेहमीच्या ४:३ सेटिंगवर : १.३३
मोबाईल, लांबट १६:९ सेटिंगवर : १.७८
१२० नंबरच्या रोलवर बारा फोटो काढणारा जुना कॅमेरा, उदा. आग्फा क्लिक थ्री : १, म्हणजे चौरस

कॅमेऱ्याचा आकडा आणि कागदाचा आकडा जुळला तर काहीही कापले जात नाही. जुळला नाही तर काहीतरी जाते. सगळे मर्म एवढेच आहे.

हे आकार आले कुठून? जर्मनीत ओस्कार बार्नाक या तंत्रज्ञाने सिनेमाची फिल्म वापरून छोटा कॅमेरा तयार केला. तो लायका या नावाने १९२५ साली बाजारात आला. त्यात एका फोटोची जागा ३६ बाय २४ मि.मी. होती. ३६ ला २४ ने भागा, १.५ येते. पुढे जगभर हेच माप रुळले आणि चार बाय सहाचा कागद त्याला नेमका बसला. आठ बाय दहा हे माप त्याहून जुने, मोठ्या पेटीच्या कॅमेऱ्यांच्या काळातले. त्या कॅमेऱ्याची निगेटिव्हच आठ बाय दहा इंचांची असे आणि ती कागदावर ठेवून तेवढाच फोटो काढत. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा टीव्हीचा आणि संगणकाचा पडदा ४:३ होता, म्हणून त्यांनी तो आकार धरला. मोबाईलमध्येही तोच चालत आला. अशा रीतीने कागद एका काळाचा, कॅमेरा दुसऱ्या काळाचा, आणि कात्री मात्र आपल्या माणसांवर!

आता आत्याचे कोडे सोडवू. फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याचा आकडा १.५. आठ इंच उंची धरली तर पूर्ण फोटोला १२ इंच लांबी लागते. कागद दहाच इंचांचा. दोन इंच गेले, प्रत्येक बाजूने एक. रांगेत बारा जण उभे असतील तर एकेकाच्या वाट्याला एक इंच येतो. म्हणजे दोन्ही टोकांचा एकेक माणूस गेला. तोच फोटो आठ बाय बारावर काढला असता तर सगळे आले असते.

मोबाईलचे गाऱ्हाणे वेगळे आहे. त्याचा आडवा फोटो चार बाय सहावर काढला तर सहा इंच लांबीला साडेचार इंच उंची लागते. कागद चार इंचांचा, म्हणून अर्धा इंच वरून-खालून जातो. मागच्या रांगेतल्या उंच पोरांची डोकी किंवा पुढे बसलेल्यांचे पाय उडतात. दीक्षाभूमीवर काढलेल्या फोटोत घुमटाचा माथा जातो तो असाच. फोटो उभा असेल तर तोच अर्धा इंच दोन्ही बाजूंनी जातो. लांबट १६:९ फोटोला चार इंच उंचीस सात इंचांहून जास्त लांबी लागते. तिथे कडेचा एक इंच जातो. आणि आजोबांच्या काळातला चौरस फोटो चार बाय सहावर भरून काढला तर तिसरा हिस्सा गेलाच म्हणून समजा.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, फोटो काढतानाच एक पाऊल मागे सरा. डोक्यावर आणि दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा ठेवा. कात्री चाललीच तर ती भिंतीवर आणि जमिनीवर चालेल. मोबाईल ४:३ वर ठेवा. बहुतेक मोबाईलमध्ये १६:९ चा फोटो हा त्याच पूर्ण फोटोचा वरचा-खालचा भाग कापून बनवलेला असतो.

दुसरी, साइज ठरवण्याआधी फोटो कोणत्या कॅमेऱ्याचा आहे ते पाहा. फोटोग्राफरचा असेल तर ४×६, ८×१२, १२×१८ मागा. मोबाईलचा असेल तर ६×८ किंवा १२×१६ मागा. स्टुडिओत १२×१६ नाही म्हणाले, तर १२×१८ च्या कागदावर पूर्ण फोटो बसवून उरलेली दोन इंचांची पांढरी पट्टी कापून द्यायला सांगा.

तिसरी, कागद एकाच मापाचा मिळत असेल तर “भरून काढू नका, पूर्ण बसवा” असे सांगा. मशीनवर दोन्ही सोयी असतात. पूर्ण बसवले की मोबाईलचा फोटो चार बाय सहावर ४ बाय सव्वापाच इंचांहून किंचित मोठा येतो आणि दोन्ही टोकांना तिसरा हिस्सा इंचाची पांढरी पट्टी राहते. पट्टी राहिली म्हणून फोटो बिघडत नाही. मात्र कोणी “ताणून बसवतो” म्हणाले तर नको म्हणा. ताणलेल्या फोटोत माणसे फुगतात किंवा लांबुडकी होतात.

चौथी, कापणे भागच असेल तर कुठून कापायचे ते आपण सांगायचे. संगणकाच्या पडद्यावर कापण्याची चौकट वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवता येते. आपण सांगितले नाही तर मशीन सहसा दोन्हीकडून सारखे कापते. खाली नुसती सतरंजी दिसत असेल तर सगळे खालून काढा, डोक्यांना हात लावू नका.

पाचवी, फ्रेमची. तयार फ्रेम बहुधा आठ बाय दहाची असते. मोबाईलचा फोटो ६×८ करून घ्या आणि फ्रेमवाल्याकडून चारी बाजूंना एकेक इंचाचा माउंट लावून घ्या. सहा अधिक दोन आठ, आठ अधिक दोन दहा. फोटो पूर्ण राहतो आणि भिंतीवर शोभतोही. माउंट नसेल तर फ्रेमची खाच फोटोचा काठ थोडा झाकते, हेही लक्षात ठेवा.

सहावी, फोटो स्टुडिओत कसा पाठवता ते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो. लांब बाजूला साधारण १६०० ठिपके उरतात. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात, म्हणजे तो जेमतेम सव्वापाच इंचांपुरता. चार बाय सहाला चालून जाईल, १२×१८ ला फुटेल. म्हणून मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा वायरने मोबाईलमधून थेट घ्यायला सांगा. तयार प्रत हातात आली की काउंटरवरच मूळ फोटोशी ताडून पाहा आणि दोन्हींतली माणसे मोजा.

यात खर्च फारसा वाढत नाही. वाढते ते फक्त विचारणे. स्टुडिओवाला वाईट नसतो. त्याच्या मशीनला आपली माणसे ओळखता येत नाहीत, ती आपल्यालाच ओळखता येतात. म्हणून पुढच्या वेळी ऑर्डरच्या चिठ्ठीवर साइजच्या पुढे तीन शब्द लिहून द्या : “पूर्ण फोटो हवा.”