समांतर गणनेची हत्यारे

अंधेरी-मुलुंडच्या वाचकास समांतर गणनेचा इतिहास परमुलखात शोधावयास नको. चेंबूरपलीकडे ट्रॉम्ब्यास भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘अनुपम’ हा समांतर महासंगणक उभारला, तर पुण्याच्या ‘सी-डॅक’ने १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध केला. यंत्रांचे कौतुक यथास्थित झाले. परंतु अनेक प्रोसेसर एकाच कीर्दीत एकदम नोंदी करू लागले, की कोणाची नोंद कोणावर उमटली याचा तपास लावणारी साधने मात्र, आमच्या मते, उपेक्षितच राहिली. नोंदीवर नोंद उमटण्याची ही चूक हजार खेपांत एखादेवेळी प्रकटते आणि तपासनीस पाहू लागताच लोपते, हा तिचा खास खट्याळपणा. १९९७चे ‘ओपनएमपी’ हे प्रोग्रामिंग-मानक सामायिक स्मृतीतील कामाची वाटणी सुलभ करते, पण एका वेळी एकासच नोंद करू देणारी कुलपे योग्य जागी लागली काय, ही जबाबदारी प्रोग्रामरवरच सोडते. प्रस्तुत अंकात त्या तपासनीस साधनांचीच झडती घेतली आहे.