कुत्र्याला उरलेला रस्सा नको

संपादक महोदय,

'घरात उरलेले अन्न गल्लीतल्या कुत्र्यांना घालावे' असे सुचवणारे पत्र वाचले. पत्रलेखकाची कळकळ खरी आहे. पण 'आपल्याला पचते ते त्यांनाही पचते' हे त्यातील विधान घातक आहे. आपल्या रश्श्यात, मसालेभातात कांदा-लसूण असतोच. त्यातील गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवल्याने हा दोष जात नाही, आणि परिणाम बहुधा काही दिवसांनी दिसतो. त्यामुळे जनावर कशाने खंगले हे कळतही नाही. द्राक्षे-बेदाण्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते, म्हणून बेदाणे घातलेला प्रसादाचा शिराही नको. चॉकलेट आणि झायलिटॉलचे शुगर-फ्री च्युइंगम विषारीच. कोंबडीची शिजवलेली हाडे टोकदार मोडतात आणि आतडे फाडतात.

साधा भात, बिनमसाल्याचे उकडलेले चिकन, उकडलेले अंडे, वाफवलेला लाल भोपळा, गाजर खुशाल द्या. भाकरीचा तुकडाही चालतो. दुधाने मात्र पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना जुलाब होतात. त्यापेक्षा स्वच्छ पाणी ठेवावे.

कुत्र्यांसाठी मूठभर भात मीठ-मसाला पडण्याआधीच बाजूला काढावा, अशी पत्रलेखकाला व सर्व वाचकांना विनंती आहे.

— एक वाचक, नाशिक