‘दहा’ म्हणा ना, बॉस!

रात्रीचे साडेबारा. शेवटची लोकल अजून वाटेत असते. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या सोसायट्या गुडूप झोपलेल्या. पण डोंबिवली पूर्वेच्या एखाद्या वन-रूम-किचनमध्ये कुणीतरी हेडफोन चढवून बसलेलंच असतं. दिवसा बॅक ऑफिस, रात्री थेट अंतराळ!

तर मंडळी, गेमचं नाव ‘ईव्ह ऑनलाइन’. आइसलँडच्या सीसीपी कंपनीने २००३ मध्ये आणलेला. चीनचा सर्व्हर तेवढा वेगळा, बाकी जगभरातले प्लेअर्स एकाच विश्वात भिडतात. युरोपात संध्याकाळ झाली की युद्धाला रंग चढतो, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र! इथे जहाज फुटलं की फुटलं. रिस्टार्टची भानगड नाही. पायलट मात्र क्लोन होऊन परत जागा होतो. मरून परत येणारा... म्हणजे भूतच की!

म्हणून इथे जपानी भुताचं नाव एकदम फिट बसतं. ‘युरेई’ म्हणजे पांढरा किमोनो, मोकळे केस आणि पाय गायब. ‘ओन्रियो’ म्हणजे सूड घेणारं भूत. खुद्द गेममध्येही ‘तेंगू’ आणि ‘कित्सुने’ नावाची जहाजं आहेत. जपानी समजुतीप्रमाणे भुतं बाहेर पडतात रात्री दोन-अडीचच्या सुमारास. आपल्या डोंबिवलीकराची ड्युटीही तेव्हाच! मग मुंजा का नको? अहो, पोलंडमधल्या पोराला मुंजा काय कळणार? विहिरीतून येणारी सदाको मात्र १९९८ च्या ‘रिंगु’ सिनेमापासून जगभर पोचलीय. आपली हडळ अजून व्हिसाच्या लायनीत.

पण नावाचा दरारा ठीक, रेकॉर्डचं काय? जहाज फुटलं की ‘किलमेल’ तयार होतो. जहाज कुणाचं, कुठे फुटलं, किती किमतीचं, कुणी किती डॅमेज केलं, शेवटचा फटका कुणाचा... सगळा पंचनामा! हे किलमेल ‘किलबोर्ड’वर जमा होतात आणि मारलेल्यांसोबत गमावलेली जहाजंही चारचौघांत दिसतात. जानेवारी २०१४ मधल्या एका लढाईत सुमारे २१ तासांत ७५ ‘टायटन’ फुटले. त्यांचे हिशेब आजही निघतात.

खरी गोम पुढेच आहे. दोनशे जणांनी मिळून एक जहाज फोडलं आणि एकाने जाता जाता एकच गोळी झाडली, तरी त्याचं नाव लागतं. आणि लढाईभर मित्रांची जहाजं रिपेअर करणारा ‘लॉजी’ पायलट? त्याचं नाव नाही! कारण त्याने कुणाला मारलंच नाही, फक्त वाचवलं. म्हणून काही लॉजीवाले सोबत एखादा छोटा ड्रोन नेतात. शत्रूला एक ओरखडा काढला की काम झालं.

ओळखीचं वाटतंय? अप्रेजल आठवा. मेलच्या सीसीमध्ये असलेले सगळे ‘टीम’मध्ये. आणि रात्री दहापर्यंत थांबून दुसऱ्याचं एक्सेल सुधारून देणारी, मग स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहणारी ती? ती कुठल्याच शीटवर नाही. ऑफिसातली खरी युरेई तीच. काम करून जाते, दिसत मात्र नाही.

जपानी भुतांमध्ये एक ओकिकू आहे. वाड्यातली मोलकरीण. दहा मौल्यवान बशांपैकी एक हरवल्याचा आळ आला आणि विहिरीत तिचा शेवट झाला. तेव्हापासून रोज रात्री विहिरीतून मोजणी ऐकू येते. एक, दोन, तीन... नऊ. आणि मग किंकाळी! हिशेब काही पुरा होत नाही. या गोष्टीच्या एका रूपात मात्र कुणीतरी धीर करून, नऊ ऐकताच जोरात ओरडतं, ‘दहा!’ आणि ओकिकू शांत होते.

तिला सूड नकोच होता, राव. कुणीतरी मोजणी पुरी करायला हवी होती. तेव्हा पुढच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये शेजारची एखादी ओकिकू नऊवर अडकलेली दिसली, तर एवढंच करा. ‘दहा’ म्हणा. मोठ्याने, आणि तेही बॉससमोर!