तेल न सांगणारी परीक्षणे

‘बोलिंग’ म्हटले की मराठी वाचकाला क्रिकेट आठवते. येथे अभिप्रेत आहे तो दहा पिना पाडण्याचा, अमेरिकेत विशेष रुजलेला खेळ. त्यातील महागड्या चेंडूंची परीक्षणे हा आता एक लेखनप्रकारच झाला आहे आणि समीक्षेच्या अभ्यासकांनी त्याकडे अवश्य पाहावे, असे मला वाटते.

फाउल रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंतची लेन ६० फुटांची. तिच्या साधारणपणे पहिल्या ४० फुटांवर तेलाचा पातळ थर असतो. पाहणाऱ्याला तो जवळजवळ दिसत नाही. चेंडू तेलावरून घसरतो, पुढे घर्षण वाढताच वळतो आणि मग घरंगळत पिनांवर आदळतो. १९९०च्या दशकाच्या आरंभी रिॲक्टिव्ह रेझिनचे आवरण आले आणि हे वळण फार तीव्र झाले. भरपूर तेलासाठी घडवलेल्या चेंडूंचा पृष्ठभाग बहुधा खरखरीत ठेवतात, त्यामुळे त्यांना तेलातही पकड मिळते. कोरड्या लेनवर मात्र तेच चेंडू लवकर वळतात आणि पिनांपर्यंत पोचेतो जोर गमावून बसतात. एकाच चेंडूला कोणी ‘जबरदस्त’ म्हणेल, कोणी ‘कुचकामी’. आणि दोघेही खरेच बोलत असतील.

म्हणून तेल किती होते, किती फुटांपर्यंत होते, चेंडू कितपत घासलेला होता, टाकणाऱ्याचा वेग व फिरकी किती होती, हे न सांगणारे परीक्षण जाहिरातीच्याच जवळ जाते. शिवाय लेन स्थिर नसते. प्रत्येक फेकीबरोबर चेंडू थोडे तेल उचलतो, शोषतो, पुढे वाहून नेतो. विसावी फेक पहिल्या फेकीच्या लेनवर पडतच नाही. म्हणजे परीक्षा घेता घेता परीक्षेची अटच बदलत जाते. अमेरिकेतील यूएसबीसी या संघटनेने चाचण्यांसाठी ‘अर्ल’ नावाचा यंत्रमानव वापरला. त्याची फेक हुकमी खरी. पण चेंडू कोणाच्या हाताला मानवेल, याचा निवाडा हातानेच करावा लागतो. तो हात कोणाचा, एवढे कळले तरी पुरे.

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्या अभिप्रायांवर १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ लिहिले. नाव झाकताच वाचकांचे पूर्वग्रह उघडे पडले. चेंडूच्या परीक्षकानेही कंपनीचे नाव झाकून पाहावे. तेल मात्र झाकू नये. आपल्याकडील पुस्तक-परीक्षणांत बहुधा नेमके उलटे घडते. लेखकाचे नाव ठळक असते. पण परीक्षक कोणत्या वाङ्मयीन परंपरेतून आला, त्याच्या अपेक्षा कोणत्या, लेखकाशी त्याचा स्नेह किती, हे अनुक्तच राहते. निष्पक्षपातीपणाचा आव कोणी आणू नये, त्याची गरजही नाही. आपण कोणत्या लेनवर उभे राहून बोलत आहोत, एवढे सांगितले तर वाचक आपला निर्णय स्वतः करू शकतो. आणि परीक्षण लिहायचे असते ते त्याच्याचसाठी.