बंदूक शिकाऱ्याची, बळी मजुराचा

२०२० सालच्या नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात बिबट्याने तिघांचे प्राण घेतले. सुरुडी, किन्ही आणि पारगाव जोगेश्वरी ही ती तीन गावे. मृतांमध्ये शेतावर गेलेला एक शेतकरी होता, दहा वर्षांचा एक मुलगा होता आणि एक स्त्री होती. वनखात्याची पथके आली, पिंजरे लागले, आकाशात ड्रोन फिरले, नेमबाज बोलावण्यात आले. परंतु बिबट्या हाती लागला नाही. डिसेंबरात ही दहशत सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात सरकली आणि तेथेही तीन बळी गेले. त्यांतील एक चिखलठाण येथील ऊसतोड मजुराची लहान मुलगी होती. अखेर १८ डिसेंबर रोजी वांगीच्या शिवारातील केळीच्या बागेत एक बिबट्या गोळी घालून ठार करण्यात आला. हाच तो नरभक्षक, असे मानले गेले आणि प्रकरण संपले.

प्रकरण खरोखर संपले काय, हा प्रश्न त्यावेळी फारशा कोणी विचारला नाही. ज्याच्या बंदुकीने बिबट्या पडला, तो वनखात्याचा कर्मचारी नव्हता. साखर कारखानदारीच्या बळावर उभ्या राहिलेल्या अकलूजच्या राजकीय घराण्यातील तो परवानाधारक नेमबाज होता. त्याच्या धैर्याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. जखमी वा चवताळलेल्या जनावरासमोर उभे राहणे हे कोणालाही सोपे नसते आणि भयभीत गावांनी त्याचे आभार मानले, हेही स्वाभाविकच होते. परंतु या घटनेत आपल्या समाजरचनेचे जे चित्र उमटले, त्याकडे डोळेझाक करता येणार नाही. ज्या उसाने एका वर्गाला कारखाने, सत्ता आणि बंदुकीचे परवाने दिले, त्याच उसाने दुसऱ्या वर्गाला फडाच्या कडेची कोपी दिली. कोपीतले मूल बिबट्याने नेले, तेव्हा त्याच्या रक्षणासाठी राज्ययंत्रणेपाशी काहीच नव्हते, म्हणून तिला बड्या घरच्या बंदुकीकडे धाव घ्यावी लागली.

त्याच्या दोन वर्षे आधी, २ नोव्हेंबर २०१८ रोजी, यवतमाळ जिल्ह्यात टी-१ ऊर्फ ‘अवनी’ या वाघिणीचा शेवट असाच झाला होता. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली ती वाघीण रात्रीच्या अंधारात मारली गेली, आणि तीही हैदराबादच्या नवाब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिकाऱ्याच्या मुलाच्या गोळीने. नंतरच्या चौकशीत कार्यपद्धती पाळली गेली नसल्याचे निष्कर्ष निघाले. प्राणिप्रेमी न्यायालयात गेले, शहरांत मोर्चे निघाले, मंत्र्यांवर टीका झाली. मात्र त्या तेरा माणसांची नावे त्या गदारोळात किती जणांच्या ओठांवर आली? मारणाऱ्याचा गौरव करणारे आणि वाघिणीसाठी अश्रू ढाळणारे, दोघांच्याही लेखी मेलेला शेतकरी व गुराखी हा कथेतील दुय्यम पात्रच ठरला.

ही उपेक्षा आजची नाही. शिकार हा आपल्याकडे सदैव वर्गाचा विषय राहिला आहे. आष्टीसह सारा बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. संस्थानी राजवटींत उत्तम जंगले राजेरजवाड्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवली जात. हाका घालण्यासाठी आसपासच्या गावांतील माणसे वेठीस धरली जात. मचाणावर बंदूक असे, खाली झाडाला आमिषाचा रेडा बांधलेला असे, आणि ढोल, डबे बडवीत जनावराच्या दिशेने चालणारा हाकाऱ्या नि:शस्त्र असे. जनावर उलटले तर पहिला घाव त्याच्यावर बसे. कातडे मात्र वाड्याच्या भिंतीवर जाई.

स्वातंत्र्य आले तेव्हा हा खेळ थांबेल, असे वाटले होते. थांबला नाही, त्याचे फक्त व्यापारीकरण झाले. १९५० च्या दशकात नागपुरात ‘ॲल्विन कूपर’ नावाची कंपनी उभी राहिली. मध्य भारताच्या जंगलांत परदेशी पाहुण्यांसाठी शिकारीच्या सहली काढणे, हा तिचा व्यवसाय. तिचे संस्थापक विद्याचरण शुक्ल पुढे केंद्रात मंत्री झाले आणि आणीबाणीत नभोवाणी खात्याचे मंत्री म्हणून देशाच्या कायमचे स्मरणात राहिले. अशा शिकार-कंपन्या परदेशी धनिकाला तंबू, वाटाड्या, हाकारे आणि शिकारीचा परवाना असे सारे एकगठ्ठा पुरवीत. देशाला परकीय चलन मिळते, हे त्यांचे मोठे समर्थन होते. संस्थानिकाच्या जागी डॉलर आला, एवढाच काय तो फरक. हाकाऱ्या तोच राहिला, त्याची रोजी तेवढीच तुटपुंजी राहिली.

१९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ मध्ये मेळघाटासह नऊ राखीव क्षेत्रांत व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. १९७२ च्या गणनेत देशात सुमारे अठराशे वाघ उरल्याचे आढळले होते. शिकारीच्या कंपन्यांनी परकीय चलनाची केवढीही गणिते मांडली, तरी ती गणिते वाघ शिल्लक असेपर्यंतचीच होती. १९९१ च्या दुरुस्तीने उरलेले शिकारीचे परवानेही बंद झाले. आज कायद्याच्या अकराव्या कलमान्वये बिबट्यासारखा प्राणी मानवी जीविताला धोकादायक ठरला आणि त्याला पकडणे वा बेशुद्ध करणे शक्य नसले, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याच्या शिकारीची अनुज्ञा देऊ शकतो. ही तरतूद योग्य आहे. माणसाच्या जिवाचे मोल कोणत्याही जनावरापेक्षा अधिक आहे, हे समाजवाद्यांनी नि:संकोच म्हटले पाहिजे.

परंतु या तरतुदीचा आधार घेऊन शिकारीचा दरवाजाच पुन्हा उघडावा, असे वारे आता वाहू लागले आहेत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुणे जिल्ह्यातील पिंपरखेड परिसरात बळी गेल्यानंतर संतप्त ग्रामस्थ महामार्गावर उतरले. त्यांचा संताप रास्तच होता. त्या संतापाच्या लाटेवर बिबट्याला कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतून काढावे, अशी मागणी राज्यात जोर धरू लागली. संरक्षण सैल झाले की पुढची पायरी कोणती असते, हे जगाच्या अनुभवावरून ठाऊक आहे. धनिकाला शुल्क आकारून शिकार करू द्यावी, त्या पैशातून गावाचा विकास करावा आणि जनावरांची संख्याही आटोक्यात ठेवावी, हा तो युक्तिवाद.

या युक्तिवादाची परीक्षा कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर होऊन गेली आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावरील अरण्यात, ज्याला ‘ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट’ म्हणतात, धनिक शिकारी वाटाड्यांना पैसे मोजून ग्रिझली जातीची अस्वले मारीत. मांस खाण्यासाठी ही शिकार नव्हती. डोके आणि कातडे दिवाणखान्यात लावण्यासाठी होती. त्या किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांच्या जमातींनी २०१२ साली आपल्या भूमीवर ही शिकार बंद झाल्याचे जाहीर केले. सरकारने त्यांना जुमानले नाही व परवाने देणे चालूच ठेवले. दरम्यान, त्या अरण्यात जिवंत अस्वले दाखविण्याच्या व्यवसायातून होणारी उलाढाल ती मारण्याच्या धंद्याच्या कित्येक पटींनी अधिक असल्याचे २०१४ च्या एका अभ्यासाने दाखवून दिले. अखेर डिसेंबर २०१७ मध्ये त्या प्रांताच्या सरकारला ग्रिझलीच्या शिकारीवर बंदी घालावी लागली. अपवाद ठेवला तो मूळ रहिवाशांच्या पारंपरिक हक्कांचा. शिकारीतून स्थानिकांचे कल्याण होते, हा दावा तेथे स्थानिकांनीच खोडून काढला, हे विशेष ध्यानात घ्यावयास हवे.

आष्टीचा प्रश्न अर्थात अस्वलांच्या त्या अरण्यापेक्षा वेगळा आहे. तेथे शिकारी जनावराच्या घरात जातो. येथे जनावर माणसाच्या दारात आले आहे. बालाघाटाच्या उघड्या डोंगररांगांखालचा हा अवर्षणप्रवण तालुका. ज्वारी, तूर आणि पाणी असेल तेथे ऊस. पश्चिम महाराष्ट्रात उसाचे क्षेत्र पसरले, तसतसा बिबट्या जंगल सोडून उसात राहू लागला; उंच, दाट, बारमाही ओलावा असलेले पीक त्याला अरण्यासारखेच असते, आणि गावोगावची कुत्री व शेरडे हे त्याचे भक्ष्य असते. तो उसातच जन्मतो, उसातच वाढतो. ऊस तुटला की आडोसा तुटतो. हे सारे माणसाने, आणि त्यातही साखरेच्या अर्थकारणाने, घडविले आहे.

मग पकडून दूर सोडण्याचा उपाय का करू नये? तो जुन्नर परिसरात करून झाला आहे. या शतकाच्या प्रारंभी तेथून मोठ्या संख्येने बिबटे पकडून इतरत्र सोडण्यात आले. त्यानंतर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरापर्यंत वाढल्याचे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात आढळले. याउलट अकोले तालुक्याच्या शेतशिवारात बिबटे माणसांच्या वस्तीला लागून राहत असूनही त्यांच्या अभ्यासकाळात जीवघेणे हल्ले घडत नव्हते. एक बिबट्या मारल्याने वा उचलून नेल्याने जागा रिकामी होते आणि ती दुसरा भरून काढतो. हल्लेखोर जनावर ओळखून त्याचा बंदोबस्त करणे हे कर्तव्य आहे. सरसकट हत्या हा बंदोबस्त नव्हे.

खरा प्रश्न असा आहे की, बिबट्याच्या वाटेत रात्री-अपरात्री माणूस का सापडतो? शेतकरी काही हौसेने मध्यरात्री पाणी द्यायला जात नाही. शेतीला वीज पाळीपाळीने मिळते आणि त्यातील एक पाळी रात्रीची असते. कारखान्याला, शहराला, जाहिरातींच्या फलकांना चोवीस तास वीज आणि ज्वारीच्या शेतकऱ्याला मात्र हातात बॅटरी घेऊन, साप-विंचू व बिबट्या यांच्यामधून वाट काढण्याची सक्ती! बिबट्याचा वावर असलेल्या प्रत्येक मुलखातून दिवसा विजेची मागणी होत आली आहे. सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ साली जाहीर झाली आणि २०२३ साली तिची दुसरी आवृत्ती निघाली. बिबट्याप्रवण तालुक्यांना या योजनेत पहिला हक्क मिळालाच पाहिजे.

दुसरा प्रश्न कोपीचा. दर हंगामात बीड जिल्ह्यातून लक्षावधी माणसे मुकादमाची उचल घेऊन कोयता खांद्यावर टाकून घर सोडतात. नवराबायकोची जोडी पहाटेच्या अंधारात फडात उतरते आणि मूल कोपीत किंवा बांधावर झोपलेले राहते. उसाच्या पाचटाची वा प्लास्टिकच्या कापडाची ती कोपी. तिला ना दार, ना दिवा. शौचासाठी बायकांना अंधारातच उसाकडे जावे लागते. ज्या कारखान्याचे गाळप या माणसांच्या घामावर चालते, त्याने त्यांना चार पत्र्यांची, दाराला कडी असलेली खोली देऊ नये, हा कोणता सहकार? ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ निघाले, मुलांसाठी वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये आली. पण योजना कागदावर जन्माला येते आणि मूल कोपीत. जे मूल हंगामभर वसतिगृहात असेल, ते बिबट्याच्या तोंडी जाणार नाही, एवढे साधे सत्य सरकारला कळू नये काय?

मृत्यूनंतरच्या साह्याची रक्कम २०२२ मध्ये १५ लाखांवरून २० लाखांवर आणि पुढे २५ लाखांवर नेण्यात आली. घर उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबाला ती मिळालीच पाहिजे, तीही हेलपाटे न घालता. परंतु मृत्यूची किंमत वाढवीत जाणे आणि मृत्यू टाळण्याचा खर्च टाळीत जाणे, याला संरक्षण म्हणत नाहीत. पंचवीस लाखांत किती कोप्यांना दारे लागली असती, याचा हिशेब कोणी तरी मांडला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी हा प्रश्न प्राणिप्रेमी विरुद्ध शेतकरी अशा खोट्या लढाईत सापडू देऊ नये. बिबट्याचे रक्षण व माणसाचे रक्षण यांचा शत्रू एकच आहे: कष्टकऱ्याच्या जिवाला कवडीमोल ठरविणारी व्यवस्था. आष्टी, पाटोदा, करमाळा, जुन्नर, शिरूर येथील गावसभांतून ठराव व्हावेत. शेतीला दिवसा वीज द्या. गाळपाचा परवाना देताना ऊसतोड मजुरांच्या पक्क्या निवाऱ्याची, दिव्याची व शौचालयाची अट घाला. मुलांची वसतिगृहे हंगाम सुरू होण्यापूर्वी उघडा. प्रत्येक बिबट्याप्रवण तालुक्यात वनखात्याचे स्वत:चे प्रशिक्षित, साधनसज्ज पथक ठेवा, म्हणजे प्रसंग आलाच तर गोळी झाडणारा हात जनतेला उत्तरदायी असेल. आणि शिकारीच्या परवान्यांचा बाजार कोणत्याही नावाने पुन्हा सुरू होऊ देऊ नये.

पूर्वी राजा मचाणावर बसे आणि रयत हाका घाली. आज मचाण नाही, ढोल नाही. पण रात्रीच्या अंधारात पाण्याची बारी धरणारा शेतकरी आणि फडाकडेला निजलेले मजुराचे मूल अजूनही त्याच जागी, जनावराच्या पुढ्यात, नि:शस्त्र उभे आहे. त्याला तेथून बाहेर काढणे, हेच काम आहे. करमाळ्याच्या केळीच्या बागेत एका गोळीने ते झालेले नाही.