जाजमऊचं क्रोमियम आणि आपली सोयीची भाषणं

कानपूरच्या जाजमऊमधल्या टॅनऱ्यांचा विषय निघाला की दोनच भाषणं ऐकू येतात. एक : 'गंगा नासवतात, कुलूप ठोका.' दुसरं : 'मालक मुसलमान आहेत म्हणून मागे लागलेत.' दुसऱ्यात तथ्य असेलही. पण दोन्ही भाषणांत क्रोमियम नाही, आणि त्यात हात बुडवणारा मुसलमान-दलित कामगारही नाही.

कातडं कमावताना क्रोमियमचं सल्फेट वापरतात. जुन्या पद्धतीत त्यातलं साठ-सत्तर टक्केच कातड्यात मुरतं, उरलेलं पाण्याबरोबर जातं. सोडलेल्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम. गंगा कृती योजनेत १९९४ मध्ये इथं रोज ३.६ कोटी लिटरचा प्रकल्प झाला. त्यात टॅनऱ्यांचं पाणी ९० लाख लिटर, बाकी शहराचं सांडपाणी. तो सेंद्रिय घाण खाणाऱ्या जिवाणूंच्या जोरावर चालणारा. क्रोमियम जिवाणूंना पचत नाही, ते गाळात उतरतं.

उपाय माहीत नाही असं म्हणू नका. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचा आपल्याला केवढा अभिमान! तिथल्या मोहसिन कुरेशी आणि के. जी. वार्ष्णेय यांनी असेंद्रिय आयन-विनिमयकांवर संपादित केलेलं पुस्तक १९९१ मध्ये आलं. पुढे तिथंच सेंद्रिय-असेंद्रिय संकरित पदार्थांवर निबंधांमागून निबंध निघाले. कल्पना साधी आहे : एकट्या असेंद्रिय पदार्थाची भुकटी पाण्याची वाट अडवते, म्हणून तिला पॉलिमरची जोड द्यायची. पॉलिमर मजबुती देतो, असेंद्रिय भाग नेमका धातू पकडतो. अलीगढ आणि कानपूर एकाच राज्यात आहेत. तरीही निबंध ग्रंथालयात आणि विष नाल्यात.

अर्थात रेझिन म्हणजे जादू नव्हे. टॅनरीच्या घट्ट द्रावणातलं क्रोमियम आधी अल्कली घालून खाली बसवायचं, सल्फ्युरिक आम्लात विरघळवून पुन्हा वापरायचं. शेवटी उरलेल्या अंशासाठी रेझिन. तेही धातू नष्ट करत नाही, फक्त गोळा करतं. रेझिन धुतलेलं पाणी पुन्हा नाल्यात सोडलं तर सगळं नाटकच.

पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकसाठी १९९७ पासून विहिरींवर गाळण यंत्रं बसली, शंभराहून अधिक. आधी त्यांत ॲल्युमिना होतं, पुढे लोहाचे सूक्ष्म कण भरलेलं संकरित रेझिन आलं. पण ती चालली ती गावच्या समित्यांमुळे. घराघरातून महिन्याची वर्गणी, देखभाल, गोळा झालेल्या आर्सेनिकची वेगळी साठवण, हे सगळं समित्यांनी सांभाळलं.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे सिस्टिम चालू करून कोणी घरी जात नाही. रात्री दोनलाही कुणीतरी आकडे बघत असतं. मग पाण्याच्या प्रकल्पाचं काम उद्घाटनाची फीत कापली की संपतं कसं?

म्हणून मित्रांनो, समाजाच्या व्यासपीठावरून एकच मागणी करू या : रोज किती क्रोमियम आत आलं, किती बाहेर गेलं, आणि गाळ कुठं नेला, हे कामगारांच्या मोहल्ल्यात फळ्यावर लिहा. मालक आपला असो वा परका. जो आकडा लपवतो, त्याच्यासाठी आपण घोषणा द्यायच्या नाहीत.